विजेच्या हाकेला ओ देणारा थेंब

‘एवढ्या नळ्या कशाला भरता? साखर बघायला बोटाला टोचलं की भागतं, मग बाकीच्या तपासण्यांना का नाही भागत?’

शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. दंडाला रबराची पट्टी आवळलेली असते. जांभळ्या टोपणाची एक नळी भरून झालेली असते आणि लाल टोपणाची दुसरी पुढे येते. आधीच अंगात रक्त कमी म्हणून आलेल्या बाईला ते बघवत नाही. नळ्या मग गार डब्यात बसून रस्त्याला लागतात. मुरबाडला रेल्वे नाही, शहापूरचं स्टेशन आसनगावला, आणि डोळखांब किंवा टोकावड्याच्या पुढचे पाडे तर त्याहून आत. साध्या तपासण्या जवळ होतात. जरा वेगळी तपासणी असली की नमुना तालुक्याच्या पलीकडे जातो आणि निकाल येईपर्यंत पेशंट पाड्यावर परतलेला असतो. निकाल घ्यायला पुन्हा यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची.

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक मेख आहे. साखरेचं मीटर थेंबावर एकच काम करतं. पट्टीवर औषध लावलेलं असतं, रक्त तिथे पोचतं, आकडा येतो. बहुतेक तपासण्या इतक्या सरळ नसतात. रक्तातला थोडा भाग काढून घ्यायचा, पातळ करायचा, त्यात एक रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, घालायचं, ढवळायचं, काही मिनिटं ऊब द्यायची, धुऊन काढायचं, दुसरं रिएजंट घालायचं आणि मग रंग किंवा प्रकाश मोजायचा. हे सगळं लॅबमधला टेक्निशियन पिपेटने करतो. म्हणजे थेंब लहान असून भागत नाही, त्या थेंबाला दहा ठिकाणी नेणारं कुणीतरी लागतं. ते काम विजेने कसं होतं, हा या प्रकरणाचा विषय.

१. आधी थेंब मोजून घेऊ

सलाईनचा नेहमीचा सेट पाहिला असेल. त्यातून पडणारे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. तेव्हा एक थेंब ५० मायक्रोलिटरचा झाला. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, सगळ्या बाजू एक मिलिमीटर असलेला पाण्याचा ठोकळा. तेवढं पाणी गोल केलं तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. नाचणीचा बारीक दाणा डोळ्यांपुढे आणा.

आपल्याला ज्या थेंबाशी काम आहे तो या नाचणीएवढा. सलाईनच्या एका थेंबातून असे पन्नास निघतील.

एवढ्या लहान मापावर पाण्याचा स्वभाव बदलतो. बादलीतल्या पाण्यावर सत्ता गुरुत्वाकर्षणाची असते, ते सपाट पसरतं आणि उताराकडे जातं. दोन-तीन मिलिमीटरच्या खाली आलं की पृष्ठताण वरचढ होतो. पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, पृष्ठभाग होईल तितका आखूडतो, म्हणून थेंब गोल राहतो. खिडकीच्या काचेवर बारीक थेंब उभ्याच्या उभे चिकटून राहतात आणि दोन-तीन एकत्र आल्यावरच ओघळतात, त्याचं कारण हेच. चिप आडवी धरा, तिरकी धरा, उपडी केली तरी नाचणीएवढ्या थेंबाला फारसा फरक पडत नाही. आरोग्य केंद्रातलं टेबल समपातळीत नसलं तरी चालेल, हा यातला लहानसा पण कामाचा फायदा.

२. अळूच्या पानावर

पावसाळ्यात परसातलं अळूचं एक पान तोडून ताटात ठेवा आणि त्यावर पाण्याचे थेंब सोडा. पान जरा कलतं केलं की थेंब घरंगळत जातो आणि मागे ओल राहत नाही. आता तसाच थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर सोडा. तो पसरतो, झिरपतो, संपतो.

थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते तिथे एक कोन तयार होतो. त्याला स्पर्शकोन म्हणतात. अळूवर तो १५० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे थेंब जवळजवळ गोळी होऊन बसलेला असतो. स्वच्छ काचेवर तो अगदी कमी होतो आणि थेंब चपटा पसरतो. टेफ्लॉनसारख्या लेपावर तो साधारण ११० ते १२० अंश असतो. नॉनस्टिक तव्यावर पाण्याचे मणी होतात ते याच कोनामुळे.

आता गंमत अशी की, थेंबाच्या डाव्या कडेला पृष्ठभाग अळूसारखा राहिला आणि उजव्या कडेला थोडा कागदासारखा झाला, तर थेंब उजवीकडे सरकेल. त्याला ढकलायला काही लागणार नाही. आणि उजवीकडचा हा कागदीपणा बटण दाबताच आला, बटण सोडताच गेला, तर थेंब आपल्या मुठीत आला. हे बटण म्हणजे वीज.

३. कंगवा आणि नळाची धार

वीज पाण्याला ओढते हे घरी पाहता येतं. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा फिरवा आणि नळाच्या अगदी बारीक धारेजवळ न्या. धार कंगव्याकडे वाकते. शहापुरात हा प्रयोग जुलैत केलात तर फसेल, कारण दमट हवेत कंगव्यावरचा भार टिकत नाही. जानेवारीत सकाळी करा.

कंगवा धारेला स्पर्श करत नाही. त्याच्यावरच्या विद्युतभारामुळे पाण्यातले विरुद्ध भार त्या बाजूला येतात आणि ओढ तयार होते. चिपमध्येही असंच घडतं. कंगव्याच्या जागी तांब्याचा इवलासा चौकोन असतो आणि हवेच्या जागी विद्युतरोधक पदार्थाचा पातळ थर.

४. चिपच्या आत

अशी चिप खालून वर बघत जाऊ. सगळ्यात खाली काच किंवा साधा सर्किट बोर्ड. त्यावर धातूचे चौकोन, प्रत्येकाची बाजू एक-दोन मिलिमीटर, शेजारी-शेजारी पण एकमेकांना न टेकलेले. प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र तार. त्यावर विद्युतरोधक थर, काही मायक्रोमीटर जाडीचा. त्यावर पाणी न धरणारा टेफ्लॉनसारखा लेप. मग थेंब. थेंबाच्या वर बहुतेक वेळा दुसरी काच असते, तिला आतून वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप दिलेला असतो आणि ती जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेली असते.

दोन काचांमधली फट समजा ०.२ मिलिमीटर आहे आणि चौकोनाची बाजू २ मिलिमीटर. तर एका चौकोनावर मावणारं पाणी २ × २ × ०.२, म्हणजे ०.८ घन मिलिमीटर, म्हणजेच ०.८ मायक्रोलिटर. थेंब प्रत्यक्षात याहून किंचित मोठा ठेवतात. तो शेजारच्या चौकोनावर थोडा तरी चढलेला असायला हवा, नाहीतर शेजाऱ्याने कितीही ओढलं तरी ती ओढ त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून चौकोनांच्या कडा सरळ न ठेवता करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकांत अडकवतात.

आता शेजारच्या चौकोनाला व्होल्टेज द्या. रोधक थरातून वीज आरपार जाऊ शकत नाही, पण थराच्या एका बाजूला धातूवर भार जमतो आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात विरुद्ध भार जमतो. थेंबाची त्या बाजूची कड खाली ओढली जाते, तिचा स्पर्शकोन घटतो आणि थेंब अख्खाच्या अख्खा त्या चौकोनावर सरकतो. मागचा चौकोन बंद, पुढचा चालू. मग तो बंद, त्याच्या पुढचा चालू. थेंब सेकंदाला काही सेंटिमीटर या वेगाने चालत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला काचेखाली एक लुकलुकता ठिपका वळणं घेत निघालेला दिसतो आणि त्याला हलवणारा कुठला भाग मात्र दिसत नाही. पंप नाही, झडप नाही, फिरणारं चाकही नाही.

व्होल्टेज किती लागतं? साधारण ५० ते ३०० व्होल्ट. आकडा ऐकून दचकायला होतं, पण रोधक थरामुळे प्रवाह अगदी नगण्य असतो, काही मायक्रोअँपिअर. त्यामुळे बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट हे व्होल्टेज चढवून देऊ शकतं. वादळात लाईट गेली तरी यंत्र चालू राहू शकतं ते यामुळे.

एक हिशेब करून पाहू. परिणाम व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतो. व्होल्टेज दुप्पट केलं की ओढ चौपट. रोधक थर १० मायक्रोमीटर जाड आहे आणि विजेविना थेंबाचा कोन ११५ अंश आहे असं धरा. हिशेबाने १०० व्होल्टला तो १०४ अंशांच्या जवळपास येतो, म्हणजे अकरा अंशांनी उतरतो. २०० व्होल्टला तो ७२ च्या आसपास पोचतो, म्हणजे त्रेचाळीस अंशांनी उतरतो. जवळपास चौपटच. मग ४०० व्होल्ट दिले तर थेंब पूर्ण सपाट होईल का? होत नाही. एका टप्प्यानंतर कोन घटायचा थांबतो. असं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

५. नळ आणि हंडा

थेंब न हलवताही लहान चिपवर तपासण्या करता येतात. काचेत किंवा प्लॅस्टिकमध्ये केसाएवढ्या बारीक नाल्या कोरायच्या आणि त्यातून द्रव वाहता ठेवायचा. ही पद्धत जुनी आणि चांगली रुळलेली आहे. दोन्हींतला फरक शहापूर तालुक्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं, मोडकसागर १९५७ मध्ये, पुढे भातसा आलं. तिथून निघालेल्या मोठमोठ्या जलवाहिन्या रात्रंदिवस वाहतात, पण जिथे टाकल्या तिथेच जातात, मुंबईला. वाटेतल्या पाड्याला पाणी हवं असेल तर वाहिनी वळत नाही. पाड्यावरची बाई मात्र हंडा घेऊन विहिरीवर जाईल, टँकरवर जाईल, आज या वाटेने तर उद्या त्या वाटेने, अर्धा हंडा सासूकडे ओतून पुढे निघेल.

कोरलेल्या नालीची चिप म्हणजे वाहिनी. एका तपासणीसाठी आखली की आखली. दुसरी तपासणी हवी तर दुसरी चिप कोरा. चौकोनांची चिप म्हणजे हंडा. तपासणी चिपच्या आकारात नसते, कुठला चौकोन कधी चालू करायचा त्या यादीत असते. यादी बदलली की तपासणी बदलली, काच तीच. मला विचाराल तर या तंत्राची खरी कमाल लहानपणात नाहीच. लहान नाल्या इतरांनीही केल्या. थेंब वाटेल तिथे नेता येणं हे याचं वेगळेपण.

६. तोडणं, जोडणं, ढवळणं

तोडणं बघण्यासारखं असतं. थेंब तीन चौकोनांवर लांबवायचा. मग दोन्ही टोकांचे चौकोन चालू ठेवून मधला बंद करायचा. टोकं दोन्हीकडे ओढतात, मधला भाग बारीक होत जातो, कंबर निघते, कंबरेची दोरी होते आणि एका क्षणी ती तुटून दोन थेंब आपापल्या चौकोनावर गोल होऊन बसतात. फट कमी असेल तर हे सहज होतं, फट मोठी असेल तर थेंब तुटायचं नाव घेत नाही. वरची काच लावतात त्याचं एक कारण हेही. मोठ्या साठ्यातून लहान थेंब काढण्याचीही हीच रीत: साठ्यातून पाण्याची जीभ बाहेर ओढायची, मग तिची कंबर तोडायची.

जोडणं त्याहून सोपं. दोन थेंबांना एका चौकोनावर बोलावलं की झालं.

या दोन क्रियांवर पातळ करण्याचं सगळं गणित उभं राहतं. रक्ताच्या एका थेंबात पाण्याचा तेवढाच थेंब मिसळा आणि मिश्रणाचे दोन सारखे भाग करा. प्रत्येकात रक्त निम्मं झालं. त्यातला एक घेऊन पुन्हा तसंच करा, पाव. पुन्हा करा, आठवा भाग. दहा वेळा केल्यावर १०२४ वा भाग. पिपेटने हे करताना हात दमतो, मोजणीत चूक होते. इथे चौकोन चालू-बंद करण्याची यादी दहा वेळा फिरवायची. मात्र थेंब तुटताना दोन भाग अगदी सारखे होत नाहीत, एखाद टक्का इकडेतिकडे होतो, आणि दहा पायऱ्यांत ती चूक साठत जाते. चांगल्या यंत्रात ती मोजून भरून काढतात.

ढवळणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. चहात साखर घालून चमचा फिरवला की भोवरे होतात आणि साखर पसरते. एक मिलिमीटरच्या थेंबात भोवरे होत नाहीत. मग मिसळण्याचा एकच मार्ग उरतो, कण आपणहून सरकत पसरण्याचा. साखरेसारख्या लहान रेणूला अशा प्रकारे एक मिलिमीटर अंतर जायला सात-आठ मिनिटं किंवा जास्तच लागतात. अंतर एकदशांश मिलिमीटर असेल तर काही सेकंद पुरतात. अंतर दहापट घटलं की वेळ शंभरपट घटतो. म्हणून थेंबाला चार-सहा चौकोनांवर गोल-गोल फिरवतात, मागेपुढे करतात. त्याने आतले थर घडी पडल्यासारखे एकावर एक येतात, अंतरं आखडतात आणि अर्धं मिनिटभर फिरवलं की काम होतं.

थेंब जागेवर पोचला की नाही हे यंत्राला कसं कळतं? चौकोनावर हवा आहे की पाणी, यावर त्याची भार साठवण्याची क्षमता बदलते. यंत्र ती मोजतं. थेंब अडला असेल तर पुन्हा ओढतं, नाहीतर दुसऱ्या वाटेने नेतं.

७. पाऱ्यापासून नवजात बाळापर्यंत

गॅब्रिएल लिपमन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये दाखवलं की बारीक नळीतल्या पाऱ्याची पातळी वीज दिल्यावर हलते, कारण पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो. त्याने यावरून बारीक व्होल्टेज मोजायचं उपकरण बनवलं. १८८७ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरने माणसाच्या हृदयाचे विद्युतठोके पहिल्यांदा नोंदवले ते याच पाऱ्याच्या उपकरणावर. लिपमनला १९०८ साली नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणासाठी.

पाण्यावर हे करायला शंभराहून जास्त वर्षं गेली. अडचण अशी की पाण्यात धातू बुडवून थोडं व्होल्टेज वाढवलं की पाण्याचं विघटन होतं, बुडबुडे येतात. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये ब्रुनो बर्जने धातू आणि पाणी यांच्यामध्ये पातळ रोधक थर घातला आणि अडचण सुटली. थर साधा, पण सगळा खेळ त्याच्यावर. २००० च्या सुमारास अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात रिचर्ड फेअर यांच्या गटाने आणि कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सी. जे. किम यांच्या गटाने चौकोनांवर थेंब चालवून, तोडून, जोडून दाखवले. ड्यूकच्या गटातल्या मायकेल पोलॅक आणि वंशी पामुला यांनी २००४ मध्ये कंपनी काढली. पामुला पुढे ज्या बेबीज या कंपनीचे सहसंस्थापक झाले, तिच्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये मान्यता दिली. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब जाड टिपकागदावर वाळवतात. त्यातला छोटा गोल काढून, रक्त पुन्हा पाण्यात उतरवून, हे यंत्र चार दुर्मीळ जन्मजात आजारांची चाचणी एकाच चिपवर करतं. त्याआधी २०१३ पासून मिसुरी राज्यात हीच पद्धत नवजात बाळांसाठी वापरात आली होती.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत वेगळ्या कारणासाठी थेंब आणि वीज यांच्यावर काम झालं आहे. खनिज तेलात विखुरलेले पाण्याचे बारीक थेंब विद्युतक्षेत्रात एकत्र कसे येतात, म्हणजे ते तेलातून काढता कसे येतील, असा तो अभ्यास. धंदा तेलाचा, पण मागचं विज्ञान शेजारचंच.

आपल्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण केनियातलं आहे. टोरांटो विद्यापीठातल्या एरन व्हीलर यांच्या गटाने २०१६ मध्ये काकुमा इथल्या निर्वासितांच्या छावणीत असं यंत्र नेलं. बोटातून घेतलेल्या रक्तावर गोवर आणि रुबेलाविरुद्धची प्रतिकारशक्ती तपासली. चिप कागदी छपाईच्या धर्तीवर, इंकजेट प्रिंटरने छापलेल्या होत्या. निकाल मोठ्या प्रयोगशाळेशी बरेचसे जुळले, सगळे नाही. यंत्र छावणीतल्या धुळीत आणि उन्हात चाललं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

८. जिथे घोडं अडतं

एक मायक्रोलिटर पाणी उघड्यावर काही मिनिटांत सुकून जातं. मेच्या दुपारी त्याहून लवकर. म्हणून बऱ्याच चिपमध्ये दोन काचांमधली फट पातळ सिलिकॉन तेलाने भरतात. थेंब तेलात चालतो, सुकत नाही आणि कमी व्होल्टेजमध्ये सरकतो.

दुसरं, रक्तातली प्रथिनं लेपाला चिकटतात. एकदा चिकटली की ती जागा अळूची राहत नाही, कागदाची होते. थेंब तिथे अडकतो आणि विजेला दाद देत नाही. यावरही तेल थोडं उपयोगी पडतं, काही साबणासारखी रसायनंही मिसळतात. तरी रक्ताने वापरलेली चिप धुऊन पुन्हा वापरण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही, ती टाकूनच देतात.

तिसरं, रोधक थरात सुईच्या टोकाहून लहान भोक राहिलं तरी वीज आरपार जाते, बुडबुडे येतात आणि चिप गेली.

चौथं तारांचं. दहा बाय दहाची चिप म्हणजे शंभर चौकोन, शंभर तारा. शंभर बाय शंभर म्हणजे दहा हजार. मोबाईलच्या पडद्यात हाच प्रश्न प्रत्येक ठिपक्याखाली एक ट्रान्झिस्टर ठेवून सोडवलेला आहे, तीच काच इथे वापरतात. किंमत अर्थात वाढते.

आणि या सगळ्यांहून अवघड, पण शोधनिबंधात कमी लिहिलं जाणारं: रिएजंट. चिप स्वस्त झाली तरी तिच्यात आधीच भरून ठेवलेली औषधं गरमीत महिनोन्महिने टिकायला हवीत. फ्रिज बंद पडला की ती खराब होणार असतील, तर बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचा उपयोग काय?

९. थेंबात जे नाही ते सापडत नाही

आता मूळ प्रश्नाचं उत्तर देता येईल. एका थेंबात सगळ्या तपासण्या होतील का? नाही. कारण विजेत नाही, मोजणीत आहे.

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी असतात जवळपास ५० लाख. त्या पेशींतलं काहीही शोधायचं असेल, तर एक थेंब भरपूर झाला. पण रक्तात जंतू शिरले आहेत असा संशय असेल आणि एका मिलिलिटरमध्ये ते शंभर असतील, तर एका मायक्रोलिटरला सरासरी एकदशांश जंतू येतो. म्हणजे दहांतल्या नऊ थेंबांत एकही नाही. थेंब कितीही हुशारीने चालवा, रिकामा असेल तर निकाल ‘जंतू नाहीत’ असाच येणार. प्रत्यक्षात अशा आजारात मिलिलिटरला एखाद-दुसरा जंतूही असू शकतो, म्हणून रक्त वाढवायला ठेवण्याच्या बाटलीत मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घालतात. त्या बाटलीबद्दल टेक्निशियनशी भांडू नका.

शिवाय बोट दाबून काढलेल्या रक्तात आसपासचा द्रव मिसळतो, पहिल्या आणि दुसऱ्या थेंबात फरक पडतो.

थेरानोस या अमेरिकी कंपनीने नेमकं हेच नजरेआड केलं. २००३ मध्ये निघालेल्या या कंपनीने बोटातल्या काही थेंबांत शेकडो तपासण्या करून देऊ असं सांगून प्रचंड पैसा उभा केला. २०१८ मध्ये ती बंद पडली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरली. तिथल्या यंत्रांत थेंब विजेने चालत नव्हते. पण ‘एका थेंबात सगळं’ असं कुणी म्हणालं की नाव घ्यावं ते याच कंपनीचं.

१०. इथे कशाचा उपयोग होईल

शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पट्ट्यात, ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी वस्त्यांत, दोन तपासण्या अशा आहेत ज्यांना थेंब पुरतो. एक सिकलसेलची. त्यासाठी देशव्यापी मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली, आदिवासी भागातल्या सात कोटी लोकांना तपासण्याचं तिचं लक्ष्य ठरलं होतं. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दोष, आणि हिमोग्लोबिन तांबड्या पेशींत ठासून भरलेलं असतं, तेव्हा मोजणीची अडचणच नाही.

दुसरी जी-सिक्स-पीडी या विकराची. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दबा धरून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो. त्याला मुळापासून काढायला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस देतात. ज्याच्या अंगात हे विकर कमी, त्याच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटू शकतात. गोळी देण्याआधी, पेशंट समोर बसलेला असतानाच उत्तर मिळालं तर त्याचा उपयोग. बेबीजचं फाइंडर हे छोटं यंत्र ५० मायक्रोलिटर रक्तावर सुमारे पंधरा मिनिटांत हे सांगतं. ५० मायक्रोलिटर म्हणजे सलाईनचा एक थेंब. यंत्र अमेरिकेतल्या नवजात बाळांसाठी बनवलेलं आहे, किंमतही तिथली. चिपचा भाव आपल्या आरोग्य केंद्राला परवडेल इतका उतरला नाही तर ते इथे येणार नाही, याबद्दल मला शंका नाही.

क्षयाची गोष्ट वेगळी. गोव्यातल्या वेर्णा इथली मोलबायो कंपनी ट्रूनॅट नावाचं बॅटरीवर चालणारं यंत्र बनवते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्यातही चिप आहे, पण थेंब विजेने चालत नाही. आधी बेडक्यातला जनुकीय माल वेगळ्या यंत्रात काढून गोळा करतात आणि मग त्यातले ६ मायक्रोलिटर टेक्निशियन पिपेटने चिपवर ठेवतो. मागच्या भागातला हिशेब इथे पाळलेला दिसतो. जंतू विरळ म्हणून आधी अर्धा मिलिलिटर बेडका घ्यायचा आणि त्यातला माल थोडक्या द्रवात आणायचा. जुन्या चौकटीतलं, पण परवडणारं आणि तालुक्यापर्यंत पोचू शकणारं हे यंत्र आहे. विजेने थेंब चालवणाऱ्यांना स्पर्धा करायची आहे ती याच्याशी.

११. करून पाहायचं असेल तर

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे जमण्यासारखं आहे. व्हीलर यांच्या गटानेच २००८ च्या सुमारास दाखवलं की रोधक थर म्हणून स्वयंपाकघरात अन्न झाकायची पातळ प्लॅस्टिक फिल्म चालते आणि वरचा लेप म्हणून गाडीच्या काचेवर पाणी ठरू नये म्हणून लावतात ते द्रव्य. फिल्मची जाडी साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे आपण वर हिशेबात धरली तीच. चौकोनांचा सर्किट बोर्ड करून घ्यावा लागेल, व्होल्टेज चढवायचे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. ओपनड्रॉप नावाचा एक खुला आराखडाही आहे, तो कुणीही वापरावा.

फिल्म ताणून बसवा, खाली हवेचा फुगा राहू देऊ नका. बोर्ड आणि फिल्म यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा थेंब पसरला तर फुगे निघून जातात. २०० व्होल्ट चालू असताना उघड्या तारेला हात लावायचा नाही, प्रवाहाची मर्यादा ठरवणारा रोध सर्किटमध्ये आहे की नाही हे शिक्षकांनी आधी तपासायचं आणि घरच्या प्लगमधून थेट वीज घेण्याचा विचारही करायचा नाही. पहिल्यांदा साधं पाणी घ्या, दिसावं म्हणून खायचा रंग टाका. दूध घेऊ नका. त्यातली प्रथिनं पहिल्या पाच चौकोनांतच लेपाला चिकटतील आणि मग दोष तारेत आहे की थेंबात, हे शोधण्यात दुपार जाईल.